पाचांची एक नळी

"वीस माणसं आणि नळ्या चार," मुकादम मॅडम होडीतूनच ओरडल्या. "गट तुमचे तुम्हीच पाडा. काल पलीकडच्या बोटीवर मी पाडले, तर शिव्या मी खाल्ल्या."

होडी आमच्या बोटीपासून चार हात लांब हेलकावे खात होती. मॅडम आरोग्य खात्याच्या, वय पंचवीस-सव्वीस असेल. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि बिचारीच्या अंगात नखशिखांत पांढरा प्लास्टिकचा पोशाख. एका हाताने होडीचा काठ घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात निळी पेटी.

"गट मंजे काय करायचं?" तात्यांनी विचारलं. हरेश्वर तात्या आमच्या बोटीचे तांडेल. समुद्रात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज खाली आला होता.

"प्रत्येकाच्या घशात एक काडी फिरवायची. पाच जणांच्या पाच काड्या एकाच नळीत. नळी चांगली निघाली तर पाचही जण परवा घरी. खराब निघाली तर पाचही इथंच राहणार. मग एकेकाची वेगळी तपासणी, पण त्याच्या नळ्या यायला आठवडा लागेल."

"मंजे एकाचं दुखणं पाचांच्या गळ्यात?"

"सामानच नाही हो, तात्या. एका माणसाला एक नळी दिली तर आज चार जण सुटतील आणि सोळा बोटीवर बसतील. असं केलं तर बहुतेक सगळे घरी जातील. तुम्हीच बघा."

आम्हाला ते लगेच कळलं. खलाशाला वाटणी शिकवावी लागत नाही. त्याबरोबर हेही कळलं, की कोण कुणाच्या गटात उभा राहतो यावर आता घर ठरणार. "तासाभराने येते," म्हणून मॅडम पुढच्या बोटीकडे गेल्या, आणि आम्ही सगळ्यांनी एकदम माना वळवून अर्जुन आबांकडे पाहिलं. आबा खोकत होते.

अर्जुन आबा पालशेतकर बोटीवर जेवण करायचे. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे. तीस वर्षं स्टोव्हच्या आणि त्याआधी लाकडाच्या धुरात काढलेली, त्यामुळे खोकला त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. एरवी आम्ही त्या खोकल्याची थट्टा करायचो. धुक्यात भोंगा वाजवायची गरज नाही, आबांना पुढच्या टोकाला नाळेवर बसवा, असं मीच म्हणायचो. आता कुणी हसत नव्हतं. गंमत अशी, की वीसच्या वीस जण अकरा दिवस त्यांच्याच हातचं जेवत होते, पण त्यांच्याबरोबर एका नळीत जायला कुणी तयार नव्हता.

मी विश्राम जांभारकर, त्या बोटीचा इंजिन ड्रायव्हर. खालच्या एका बंदरात आमचा एक खलाशी तापाने उतरला होता. पुढे त्याला कोरोना निघाला, आणि आम्ही आमच्या खाडीत शिरलो तेव्हा धक्क्यावर बांबू आडवे बांधलेले होते. पोलीस होते, आणि पोलिसांच्या पुढे आमचेच गाववाले होते. तेव्हापासून बोट खाडीच्या मध्यावर नांगरून पडली होती. सकाळी होडीतून पाणी आणि तांदूळ यायचे, आणणारा ते दोरीला बांधून पळ काढायचा.

सगळ्यात वाईट म्हणजे माझं घर तिथून दिसत होतं. दार उघडं आहे की लावलेलं, हेसुद्धा कळायचं. त्या दाराच्या आत माझी आय शेवटच्या घटका मोजत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, महिन्याभरापासून अंथरुणाला खिळलेली. माझी बायको सुगंधा रोज फोन करायची. आयच्या कानाशी फोन धरला तरी तिला ऐकू यायचं नाही. ती तेवढं विचारायची, "विश्राम आला?"

अकरा दिवस मी बोटीच्या कडेला बसून त्या दाराकडे बघत होतो. पोहून गेलो असतो तर पंधरा मिनिटं लागली नसती. पण गेलो असतो तर गावाने माझ्या घरालाच बांबू ठोकले असते.

गटांवरून भांडण पेटायला वेळ लागला नाही. भाऊ भावाला धरून बसला, सोयरा सोयऱ्याला. शेवटी दोनच माणसं कुणालाच नको होती, एक आबा आणि दुसरा मनबहादूर. मनबहादूर नेपाळचा, पाच वर्षं आमच्या बोटीवर जाळं ओढत होता. त्याचा दोष इतकाच की तो लांबून आलेला.

"पुरे!" तात्या कडाडले. "वाटे टाकू."

त्यावर भांडण थांबलं. मासळीचे वाटे पाडले की आमच्याकडे प्रत्येकाने आपली एक खूण द्यायची, कुणी बटण, कुणी शिंपली, कुणी विडीचं थोटूक. एक जण सगळ्यांकडे पाठ करून बसतो. कुठली खूण कुणाची हे त्याला माहीत नसतं. तो एकेक खूण उचलून वाट्यावर टाकत जातो, आणि पडली ती पडली, त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. आमच्या बोटीवर वाटे टाकायचा मान आबांचा. त्यांची स्वतःची चुन्याची डबी तेवढी पहिल्या वाट्यावर आधीच ठेवलेली असायची. तीस वर्षांत त्यांच्या हातावर कुणी संशय घेतला नव्हता. त्या दिवशी मासळीच्या वाट्यांऐवजी चार बादल्या ठेवायच्या ठरल्या, आणि एका बादलीत पाच खुणा.

मॅडम यायला अजून अवकाश होता. मी मागच्या बाजूला गेलो. आबा स्टोव्हपाशी तांदूळ निवडत बसले होते.

"काय रे? कालवणाला नावं ठेवायला आलास का?" त्यांनी विचारलं. गेले दोन दिवस मी त्यांना छळत होतो, की आबा, कालवणात मीठ नाय, तिखट नाय, म्हातारपणी हात आखडला तुमचा.

"आबा, खूण माजी इंजिनातली पितळी चकती हाय."

त्यांचा हात थांबला. "विश्राम, खूण सांगू नको. मी ऐकली नाय असं समज."

"आय पानी पन गिळत नाय आता. सकाळी सुगंधाचा फोन व्हता."

"ठाऊक हाय मला."

"माजी चकती पहिल्या बादलीत टाकू नका. एवढंच मागतो."

पहिली बादली म्हणजे त्यांचीच. हे मी त्या माणसाला त्याच्या तोंडावर बोललो. आबा चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"धुराचा खोकला हाय माजा," ते हळू आवाजात म्हणाले.

"मला ठाऊक हाय. पन नळीला कुठं ठाऊक?"

त्यांनी तांदळातला एक खडा उचलून पाण्यात टाकला. "तीस वर्सं मी डोळे झाकून वाटे टाकले. माज्या सख्ख्या भावाला सडकी मासळी गेली, तरी हात हलवला नाय."

"मासळी येगळी आबा. ही आय हाय."

आबा पुन्हा तांदूळ निवडायला लागले, आणि मी तिथून उठलो. वाट्यात खोट करणाऱ्याला बोटीवर कुणी पाण्याचा तांब्याही देत नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं.

वाटे पडले. आबा आमच्याकडे पाठ करून बसले, टोपलीत हात घालून एकेक खूण मुठीत काढत गेले. बादल्यांत टिक टिक आवाज येत होते. मी देवाचं नाव घेत होतो आणि त्याच वेळी त्या पाठमोऱ्या माणसाच्या कोपराकडे टक लावून बघत होतो. मग तात्यांनी बादल्या उलट्या केल्या. पितळी चकती तिसऱ्या बादलीत निघाली. तिसऱ्या बादलीत मी, स्वतः तात्या, किसन, किसनचा भाऊ रमेश आणि मनबहादूर. पहिल्या बादलीतल्या चौघांची तोंडं उतरली. एकाने तर डोक्याला हात लावला. मला मात्र हसू आवरेना, म्हणून मी इंजिनाच्या खणात जाऊन उगाच बोल्ट आवळत बसलो.

मॅडमनी काड्या फिरवल्या. पाच काड्या पहिल्या नळीत, पाच दुसऱ्या नळीत, तसंच पुढे. आबा तोंड उघडताना खोकले तेव्हा पहिल्या बादलीतल्या एकाने डोळेच मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी होडी आली. मॅडमच्या हातात कागद होता.

"एक, दोन आणि चार, सामान घ्या. तीन नंबर, तुम्ही थांबा."

मला आधी वाटलं, त्यांनी उलटं वाचलं. "मॅडम, एक नंबर बघा पुन्हा. एक नंबर!" मी ओरडलो.

"एक नंबर चांगला आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दया होती आणि तीच मला सहन झाली नाही.

पंधरा माणसं उतरली. आबा सगळ्यांत शेवटी. शिडीवर एक पाय ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडावरचा रुमाल सारखा केला. "मी आयकडे जातो," एवढंच म्हणाले.

बोट एवढी मोठी कधी वाटली नव्हती, आणि एवढी लहानही. पाच माणसं आणि त्यातला एक कोण, हे एकालाही ठाऊक नाही. पण ठरवायला आम्हाला नळी लागली नाही. दुपारपर्यंत किसन आणि रमेश यांनी मनबहादूरचं अंथरूण मागच्या टोकाला नेऊन टाकलं. त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. तात्या नुसते बघत होते. मी काय केलं ते सांगतो. संध्याकाळी त्याचं ताट मी पायाने सरकवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि पाठ करून जेवला. आमच्यामुळे नाही, त्याच्यामुळे आपण अडकलोय, असं मला मनापासून वाटत होतं. जेवण किसनने केलं होतं. मी म्हटलं, यातही मीठ नाही. किसन म्हणाला, "खारट झालंय जरा, तुजं काय चाललंय?"

दुसऱ्या दिवशी सुगंधाचा फोन आला. "आबा येऊन बसलेत. सकाळधरनं खाटेजवळच हायत. तिचा हात धरून."

"आय विचारते का?"

"विचारते. तुमीच आलात असं वाटतं बहुतेक तिला. आता शांत हाय."

मी फोन ठेवला आणि दाराकडे बघत राहिलो. ओटीवर आबांच्या चपला असतील, असं उगाच मनात आलं. माझ्या जागी ते बसले होते. ज्यांच्या शेजारी नळीत जायला मी तयार नव्हतो, ते माझ्या आयच्या उशाशी होते.

चौथ्या दिवशी दुपारी ओहोटीला आय गेली. फोन यायच्या आधीच मला कळलं. दारात माणसं जमली, मग सुगंधाच्या रडण्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. आठ माणसांना परवानगी होती. पुढे मडकं धरून माझा चुलतभाऊ चालत होता आणि त्याच्या मागे आबा. सुरूच्या बनापाशी वळण घेईपर्यंत मला सगळं दिसत होतं.

मी कठड्यावर चढलो. उडी मारणारच होतो. कुणीतरी मागून कमरेला मिठी घातली आणि मला खाली पाडलं. मी लाथा मारल्या, घाण शिव्या दिल्या, पण मिठी सुटली नाही. किसन आणि रमेश धावत आले तेव्हा पाहिलं, तो मनबहादूर होता. "आमा गयी, भाई," तो म्हणत होता. "अबी तू मत जा."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. आपण याला कालपर्यंत शिवत नव्हतो, हे तेव्हा माझ्या लक्षातही नव्हतं.

आठवड्याने मॅडम पाच नळ्या घेऊन आल्या. या वेळी एक माणूस, एक नळी. दोन दिवसांनी निकाल आला. त्या होडीत उभ्या राहून कागद वाचायला लागल्या आणि मधेच थांबल्या.

"जांभारकर, तुम्हाला वास येतो का? जेवणाची चव लागते?"

दहा-बारा दिवस दोन माणसांच्या स्वयंपाकाला नावं ठेवून झाली होती. माझी जीभ आणि नाक दोन्ही गेलेली होती, आणि आबांचा हात आखडला म्हणून मी त्यांना हसत होतो.

"बाकी चौघं चांगले आहेत. तुम्हालाच आहे," मॅडम म्हणाल्या. "आता उतरत असेल, घाबरू नका. केंद्रात नेतो."

कुणी शिवी दिली नाही. किसनने मान खाली घातली. तात्या उठले, मागच्या टोकाला गेले, मनबहादूरचं अंथरूण स्वतः गोळा करून पुढे आणलं. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चौघांना आठवडाभर कोंडून ठेवणारा मी होतो. मी कुठल्याही बादलीत पडलो असतो, तरी त्या नळीतले चौघं अडकलेच असते.

केंद्रात मी सतरा दिवस काढले. घरी आल्यावर आबा स्वतः भेटायला आले. आयचं कसं झालं ते सांगितलं. "तिला वाटलं तूच आलास," ते म्हणाले. "माजा हात तुजा समजून धरलान. सुखाने गेली." मी त्यांच्या पाया पडलो. वाट्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यानंतर मात्र त्यांनी कधी वाटे टाकले नाहीत. तात्यांनी आग्रह केला तेव्हा म्हणाले, नजर गेली माझी. सुईत दोरा मात्र ते पहिल्याच फटक्यात ओवायचे.

त्या एका वाक्यावर मी पुढली वर्षं काढली. आयला वाटलं मीच आलो. कुणी विचारलं की मी हेच सांगायचो. सांगताना बरं वाटायचं.

गेल्या वर्षी आबा आजारी पडले. खोकला आता खरोखरीचा झाला होता. मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. ते भिंतीला टेकून जाळ्याचं भोक सांधत होते.

"आबा, त्या दिवशी माजी चकती कुठं आली व्हती? खरं सांगा."

"हातात आली ती पहिल्या बादलीच्या पाळीला," ते म्हणाले. "मी ती तिसऱ्या बादलीत टाकली. त्या चौघांना मी अडकवलं, विश्राम. त्यात तात्यांना पन. मला ते अजून गिळवत नाय."

"मी सांगितलं म्हनून केलंत. पाप माजं."

"तू मागितलंस. टाकली मी. हात माजा व्हता."

मग त्यांचं मन हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "पन त्यातून एक बरं झालं, आबा. तुमी सुटलात म्हनून तिच्याजवळ कुनीतरी व्हतं. तिला वाटलं मीच आलो. तेवढी तरी फसली ती, सुखाने."

आबांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

"ती कसली फसतेय," ते म्हणाले. "मी खोटं बोललो तुज्याशी. तिने इचारलं, विश्राम? मी कानाशी तोंड नेऊन बोललो, व्हय आये. तिने माजा हात चाचपला, सगळी बोटं एकेक करून बघितली. मग बोलली, तू माजा विश्राम नायस. त्याचं नाव घेऊन आलास, मंजे त्याला येता येत नाय. बस इथं."

"आणि?"

"मी उठायला लागलो, लाज वाटली मला. तर तिने हात सोडला नाय." आबांचा आवाज फाटला आणि ते खूप वेळ खोकत राहिले. मी त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोलली, त्याला सांग, आयने मला वळखलं नाय. तिला तूच वाटलास, असं सांग. नायतर जल्मभर रडेल तो."